ढोलकी आपली, हात परका

धोंडीराम हा माणूस गोड नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कतारातल्या बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात एका खोलीत सहाजण दुमजली खाटांवर झोपायचे, आणि त्या सहांत धोंडीरामच्या खाटेला टेकून उभं राहायची कुणाची छाती नव्हती. कुणी टेकलंच, तर तो काही बोलत नसे, नुसता बघे. त्या बघण्यानं माणूस आपोआप दोन पावलं मागे सरे. साइटवरचा फोरमनही त्याला ‘यल्ला’, म्हणजे ‘चल, आटप’, म्हणण्याआधी दोनदा विचार करी, कारण एकदा म्हणाला होता तेव्हा धोंडीरामनं हातातला हातोडा खाली ठेवून, खिशातली तंबाखू काढून, सावकाश मळून, खाऊन, मगच हातोडा उचलला होता. काम मात्र असं करी की फोरमनला गिळून गप बसावं लागे.

सांगोल्याकडच्या एका कोरडवाहू गावचा हा गडी तेरा वर्षं कतारमध्ये शटरिंग कारपेंटर होता. म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी जो फळ्यांचा साचा उभा करतात, तो करणारा. वय पन्नास. घरी बायको पारूबाई. आणि खाटेच्या पायथ्याशी, जुन्या चादरीत गुंडाळलेली, एक ढोलकी.

त्या ढोलकीला मात्र तो जपे. ऑगस्टात इथली हवा इतकी ओली होते की चामडं भिजलेल्या भाकरीसारखं लोळागोळा होतं, आणि एसीखाली आणलं की ताणून फाटायला येतं. धोंडीराम ती दारापासून किती हातांवर ठेवायची आणि एसीपासून किती, हे ऋतूप्रमाणे बदली. बोल्ट आवळायला साइटवरचाच पाना. शुक्रवारी सुट्टीला तो खाटेवर मांडी घालून बसे आणि घटकाभर वाजवी. खोलीतले सगळे तेव्हा गप ऐकत. त्याचा एकमेव म्हणावा असा दोस्त होता इब्राहीम, खेडकडचा, कंपनीची बस चालवणारा. तो एकदा म्हणाला होता की धोंडूभाई, तू बोलतोस त्यापेक्षा ही बरी बोलते. धोंडीरामला ते पटलं होतं.

ह्या माणसाला एके काळी नाव होतं. थापा नाहीत, खरंच होतं. बाविसाव्या वर्षी तो शाहीर शहाजींच्या पार्टीत ढोलकी वाजवायला लागला, आणि ते दिवस होते कॅसेटचे. पुण्यात एका बोळात स्टुडिओ होता: खिडक्यांना गोधड्या, भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे, पंखा बंद, आणि आत दहा माणसं घामानं निथळत. शाहिरांना एक माइक, बाकी सगळ्यांत मिळून एक. रेकॉर्डिस्ट आधी तासभर नुसत्या लेव्हली लावी, म्हणजे कुणाचा आवाज किती येतो ते जमवी. ढोलकीवाले, एकेक बोल द्या. हळू द्या. आता जोरात. आता डाव्या हाताचा नुसता. मग काचेआडून अंगठा दाखवी, चहा येई, आणि चहानंतर खरं रेकॉर्डिंग सुरू होई. सगळ्यांनी एकदम गायचं, एकदम वाजवायचं. एकानं माती खाल्ली की दहाजणांनी पहिल्यापासून.

कॅसेटच्या कव्हरवर फोटो शाहिरांचा आणि गाणाऱ्या बाईचा. ढोलकीवाल्याला तिथे कोण विचारतो? पण ह्या लोकांनी आपली सोय आपण केली होती. गाणं रंगात आलं की शाहीर ओळ सोडून मध्येच हाक मारीत, ‘हां, धोंडीराम!’ आणि धोंडीराम त्या हाकेला थापेनं ओ देई. नाव घेतलं की ओ द्यायची, हा कायदा. छापलेलं नाव कव्हराबरोबर फाटतं. हाक मारलेलं नाव गाण्याच्या पोटात राहतं. बाजाराच्या दिवशी कॅसेटच्या दुकानावर कर्णा लागे आणि पाच-पन्नास गावांतली माणसं, ज्यांनी ह्याचं तोंड कधी बघितलं नव्हतं, त्यांना धोंडीराम कोण हे ठाऊक असे. पारूबाईला तो सांगून आला तेव्हा तिच्या बापानं घरदार, शेती काही विचारलं नाही. हाच का तो धोंडीराम, एवढंच विचारलं.

धोंडीराम त्या पार्टीत बसला तो मात्र एका म्हाताऱ्याला उठवून. पार्टीचा जुना ढोलकीवाला लहर लागली की लांबत जाई, आणि कॅसेटची बाजू अर्ध्या तासात संपे. कंपनीच्या माणसानं दोनदा घड्याळ दाखवलं आणि तिसऱ्यांदा धोंडीरामला आत बोलावलं. म्हातारा आपली ढोलकी घेऊन एसटी स्टँडवर जाऊन बसला. धोंडीरामला हे आठवत नसे असं नाही, आठवायला आवडत नसे. पुढे सीडी आली, मग मोबाइलचं कार्ड आलं, टपरीवर वीस रुपयांत हजार गाणी भरून मिळायला लागली, कॅसेट कंपनीवाल्यानं गाळा साड्यांच्या दुकानाला दिला आणि पार्टी फुटली. शाहीर वारले. धोंडीरामनं सुतारकीची हत्यारं बाहेर काढली आणि एजंटाच्या मागून विमानात चढला.

कतारात त्याचं नाव पुन्हा एकदा घेतलं गेलं ते राजश्रीमुळे. राजश्री मुऐदरला राहायची. नवरा गॅस कंपनीत इंजिनिअर, मुलं इंग्रजी शाळेत, आणि ही माहेरची सोलापूरकर. गळा असा की लावणीला जन्मलेला. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी कॅम्पातला ढोलकीवाला आणा म्हणून धोंडीरामला आणलं. तिसऱ्या कडव्याला राजश्रीनं त्याच्याकडे न बघताच हाक मारली, ‘हां, धोंडीराम!’ लहानपणी त्या कॅसेटी ऐकूनच ती गायला शिकली होती. तो हाच धोंडीराम हे तिला कळायला दोन थापा पुरल्या. धोंडीरामनं ओ दिली. त्या दिवशी परत येताना तो बसमध्ये स्वतःहून बोलला, तेही हसून, आणि इब्राहीमला वाटलं याला ताप आला असावा.

आणि मग आला चेतन.

चेतन पुण्याचा, चाळिशीच्या आतला, द पर्ल ह्या समुद्राकाठच्या श्रीमंत वस्तीत बाराव्या मजल्यावर राहणारा. नोकरी कॉम्प्युटरची, हौस गाण्याची. फ्लॅटमधल्या एका खोलीला त्यानं स्पंज लावून स्टुडिओ केला होता, मंडळाचा सांस्कृतिक सचिव तोच, आणि वागायला इतका गोड की धोंडीरामला पहिल्या भेटीतच संशय यायला हवा होता. राजश्रीनं एक लावणी लिहिली होती. चेतन ती रेकॉर्ड करून जगभरच्या ॲपवर टाकणार होता. त्यानं धोंडीरामला स्वतः फोन केला. काका, ढोलकी तुमचीच पाहिजे, मशीनची नको.

धोंडीरामनं त्याच दिवशी पारूबाईला फोन लावला. वीस वर्षांनी रेकॉर्डिंग आहे म्हणाला. पारूबाईनं एकच गोष्ट विचारली, नाव घेणार का? घेणार की, राजश्रीबाई हायत म्हणजे घेणारच, धोंडीराम म्हणाला. पारूबाईनं ते भावकीत सांगितलं, दळणाला गेली तिथे सांगितलं, आणि ज्या जावेनं तेरा वर्षं ‘तुझा नवरा तिकडं फळ्या ठोकतो’ म्हणून हिणवलं होतं, तिला तर दारात उभं राहून सांगितलं. धोंडीरामला ह्या वयात दुसरं काही नको होतं. गाण्याच्या पोटात परत एकदा आपलं नाव जावं आणि गावानं ते ऐकावं. पैशाचं चेतननं काढलं तेव्हा त्यानं हात झटकून विषय संपवला होता.

ठरलेल्या शुक्रवारी इब्राहीमनं त्याला पर्लला सोडलं. इस्त्रीचा शर्ट, ढोलकी खांद्याला. खालच्या गार्डनं ढोलकी बघून त्याला सामानाच्या लिफ्टकडे वळवलं. धोंडीरामनं गार्डकडे आपल्या पद्धतीनं बघितलं, पण त्या दिवशी भांडायचं नव्हतं.

चेतननं पाणी दिलं, खुर्ची दिली, ढोलकीच्या दोन्ही अंगांना दोन आणि वर एक असे तीन माइक लावले. मग कानाला हेडफोन लावून म्हणाला, काका, एकेक बोल द्या.

धोंडीराम मनात खूश झाला. पोरगा कामाचा आहे, आधी लेव्हल लावतो. त्यानं एकेक बोल दिला. हळू द्या, चेतन म्हणाला. मध्यम द्या. जोरात. पुन्हा तोच, दहा वेळा. आता डाव्या हाताचा नुसता, आता चामड्यावर घासून काढायचा घिस्सा, आता बोटांचा, आता कडेवरचा. एवढी बारकाईनं लेव्हल लावणारा रेकॉर्डिस्ट धोंडीरामनं आयुष्यात बघितला नव्हता. पुढचं काम चांगलं व्हावं म्हणून त्यानं जीव ओतला. शहाजींनी शिकवलेलं, त्या उठवलेल्या म्हाताऱ्याकडून चोरून उचललेलं, स्वतःच्या हाताला वीस वर्षांत सापडलेलं, सगळं एकेक करून सुटं सुटं पुढ्यात मांडलं. तीन तास गेले. चेतननं हेडफोन काढला आणि अंगठा दाखवला. धोंडीरामनं बोटं मोडली, चहा येईल म्हणून दाराकडे बघितलं आणि विचारलं, बाई कधी येतील?

राजश्री मंगळवारीच येऊन गाऊन गेल्या, चेतननं सांगितलं.

“मग मी वाजवू कुणासंगं?”

“झालं की काका. खलास. सगळं आलं.” आणि त्यानं समोरच्या कीबोर्डची एक पट्टी दाबली. धोंडीरामच्या डाव्या हाताची थाप खोलीत वाजली. दुसरी पट्टी दाबली, उजव्या हाताची वाजली. मग दोन बोटांनी त्यानं एक ठेका वाजवून दाखवला, आणि खेळणं मिळालेल्या पोरासारखा धोंडीरामकडे बघून हसला.

धोंडीरामचे हात मांडीवर होते. लेव्हल म्हणून दिलं तेच घेतलं गेलं, हे त्याला तिथे कळायला पाहिजे होतं. पण ज्या माणसानं आयुष्यभर चहानंतर खरं रेकॉर्डिंग केलं, त्याला चहाआधीच सगळं संपतं हे कसं कळावं? त्याला वाटलं परत बोलावतील. चेतननं सँडविच दिलं, गाडीनं बसथांब्यापर्यंत सोडलं. तीन आठवडे धोंडीराम बोलावण्याची वाट बघत राहिला.

बोलावणं आलं नाही, गाणंच आलं. इब्राहीमनं बस उभी करून आपल्या मोबाइलवर लावलं. राजश्रीचा गळा साखरेसारखा. ढोलकी सुरू झाली तशी इब्राहीम म्हणाला, वाह धोंडूभाई. धोंडीरामनं मोबाइल कानाजवळ घेतला. बोल त्याचे होते, एकूण एक. पण चाल त्याची नव्हती. लावणीत बाई शब्दावर रेंगाळली की ढोलकीनं थांबायचं असतं, ती निसटली की मागे धावायचं असतं. ही ढोलकी कुणासाठी थांबत नव्हती, कुणामागे धावत नव्हती. पगारी पहाऱ्यावरच्या शिपायासारखी पाय आपटत चालली होती. तिसरं कडवं आलं. नाव यायचं ठिकाण आलं आणि गेलं. तिथे चेतननं बासरी भरली होती.

पारूबाईनं दोन दिवसांनी फोन केला. तिनं गाणं चारदा ऐकलं होतं. ती गाणारी नाही की वाजवणारी नाही, पण लग्न झाल्यापासून त्या हाताच्या थापा ऐकत आली होती. बराच वेळ तिनं म्हशीचं सांगितलं, पत्रे बदलायचं सांगितलं. मग म्हणाली, “अवो, ढोलकी आपली हाय. पन वाजवनारा दुसराच कोन हाय.”

त्या वाक्यानं धोंडीराम पेटला. तो तसाही थंड माणूस नव्हता, पण आता त्याच्या डोक्यात दुसरं काही राहीना. फळ्या ठोकताना चेतन, डबा खाताना चेतन. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो हे म्हणीत ऐकलं होतं, आता बारावा मजला आणि स्पंजची खोली यांच्यासकट बघितलं.

मंडळाच्या महाराष्ट्र दिनाची तालीम राजश्रीच्या मुऐदरच्या घरी होती. धोंडीरामला तिथे बोलावलं, आणि तो ढोलकी न घेता गेला. राजश्रीनं दार उघडलं तशी तिची नजर त्याच्या रिकाम्या खांद्यावर गेली आणि तिला पुढचं सगळं कळलं. ती म्हणाली की दादा, मी नाव घेतलं होतं, गाताना घेतलं होतं, त्यानं नंतर काढलं. धोंडीरामनं विचारलं, मग तुम्ही काय केलंत? राजश्री म्हणाली, तोवर गाणं वर चढवून झालं होतं. आणि मग तिनं विषय बदलून पाणी विचारलं. धोंडीरामनं पाणी नाकारलं. मनातल्या यादीत चेतनच्या खाली त्यानं तिचंही नाव घातलं.

चेतन सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. नाव का काढलं, धोंडीरामनं उभ्या उभ्याच विचारलं.

चेतन चिडला नाही. शिकलेली माणसं चिडत नाहीत, समजावून सांगतात. त्यानं जास्त लागतं. तो म्हणाला की बाहेरच्या ऐकणाऱ्याला मध्येच कोण ओरडलं असं वाटतं, गाणं तिथे सोडून देतात, आकडे दिसतात ना त्याचे. ॲपवर वादकाचं नाव दाखवायला जागाच नसते, त्यात त्याचा काय दोष. उलट काका, तुमचे बोल मी आता एकत्र बांधून ठेवलेत, जगात कुणालाही वापरता येतात. टोरांटोतला एकजण वापरतोय. तुम्ही तर अमर झालात.

“चेतनसाहेब,” धोंडीराम म्हणाला, “मी शटरिंग करतो. साचा उभा करायचा, सिमिट वतायचं, आन् सिमिट धरलं की फळ्या उचकटून लांब फेकायच्या. रोज करतो, म्हनून मला ठावं हाय. माझ्यावर तुमी तेच केलं.”

राजश्रीच्या मुलानं आतून इंग्रजीत वायफायचा पासवर्ड विचारला, ती उठून आत गेली. चेतननं लॅपटॉपचं झाकण बंद केलं, उघडलं. मग त्यानं जे बोलायला धोंडीरामला बोलावलं होतं ते बोलला. कार्यक्रमात ही लावणी ट्रॅकवर, म्हणजे आधी भरून ठेवलेल्या वाद्यांवर होणार. ढोलकी ट्रॅकमध्ये आहेच. पण स्टेजवर ढोलकीवाला दिसला पाहिजे, फेटा बांधून, नाहीतर लावणी वाटत नाही. सगळं लाइव्ह जाणार आहे, गावाकडेही बघतील. माइक लावणार नाही. काकांनी बसायचं आणि फक्त हात हलवायचे.

गरज सरो वैद्य मरो, एवढ्यावर हे लोक थांबत नाहीत. मेलेल्या वैद्याला फेटा बांधून परत दवाखान्यात बसवतात.

आता धोंडीराम तिथे दोन शिव्या हासडून निघाला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्याला आत काहीतरी सुचलं, आणि ते चांगलं नव्हतं. तो म्हणाला, बसतो.

एका शाळेचं सभागृह भाड्यानं घेतलं होतं. शुक्रवारची दुपार, बाहेर बेचाळीस डिग्री, आत शाली घ्याव्यात इतका एसी. पाचशे माणसं, नऊवाऱ्या, अत्तरं, पोरांची पळापळ. धोंडीरामनं फेटा बांधून घेतला. बांधणाऱ्यानं सेल्फी मागितला, तोही दिला. इब्राहीम मागच्या रांगेत बसला होता. ड्यूटी बदलून आला होता बिचारा, दोस्ताला स्टेजवर बघायला. पारूबाईला धोंडीरामनं काहीच सांगितलं नव्हतं. पण मंडळाच्या पानावर लाइव्ह दिसतं हे गावातल्या पोरांना माहीत होतं. तिच्या अंगणात एका मोबाइलभोवती दहा-पंधरा माणसं जमली होती, हिणवणाऱ्या जावेसकट. हे त्याला नंतर कळलं.

पडदा सरकला. राजश्री मधोमध, हिरवी नऊवारी. तिच्या डाव्या हाताला धोंडीराम, पुढ्यात ढोलकी. कोपऱ्यात टेबलामागे चेतन. त्यानं बटण दाबलं आणि ढोलकी घुमली.

धोंडीरामनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ठेवलेच.

पहिल्या रांगेतल्यांना आधी कळलं. मग कुजबुज मागे मागे सरकत गेली. ढोलकी कडकडत होती आणि ढोलकीवाला फोटोतल्या आजोबासारखा बसला होता. कुणीतरी हसलं. चेतननं टेबलामागून हात हलवून दाखवले, असे, असे. धोंडीराम समोर बघत राहिला. त्याला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगा. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला बरं वाटत होतं. बघा म्हणावं, हा बघा तुमचा ट्रॅक.

पण चेतन टेबलामागे होता, त्याचं काय जाणार होतं? उघड्यावर उभी होती राजश्री. दोन कडवी तिनं निभावली. तिसऱ्याला तिची नजर वळली आणि त्या निपचित हातांवर पडली. लहानपणापासून तिला सवय, ठेका कानानं ऐकायचा आणि डोळ्यांनी ढोलकीवाल्याच्या हातात बघायचा. कान एक सांगत होता, डोळे दुसरं. ती एका शब्दावर अडखळली, आणि ट्रॅक पुढे निघून गेला. जिवंत वाजवणारा असता तर अर्ध्या थापेत त्यानं तिला उचलून घेतलं असतं, पाचशेंतल्या एकालाही पत्ता लागला नसता. तिनं ओळ पकडायला धाव घेतली, पुन्हा चुकली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. राजश्रीचा चेहरा उतरला, कपाळावर घाम आला, आणि ती धोंडीरामकडे वळली. माइक तोंडाशीच होता.

“हां, धोंडीराम!” ती म्हणाली.

गाण्यातली हाक नव्हती ती. विहिरीत पडलेलं माणूस हाक मारतं तशी होती. पण नाव तेच होतं, आणि ते सगळ्या सभागृहात आणि तिथून सांगोल्याच्या पलीकडच्या अंगणात घुमलं.

धोंडीरामचा उजवा हात गुडघ्यावरून चार बोटं उचलला. तो त्यानं उचलला नव्हता, आपोआप उचलला होता. मग त्याला आठवलं की हिनंच तेव्हा पाणी विचारून विषय बदलला होता. त्यानं हात परत गुडघ्यावर दाबला आणि दुसऱ्या हातानं तो धरून ठेवला.

बासरी मघाशीच होऊन गेली होती, आणि नेमका तिथे ट्रॅकमध्ये चेतननं ढोलकीचा एक मोठा तुकडा भरलेला होता. पहिल्या कडव्यापासून तो आपल्या वेळेची वाट बघत होता, त्याची वेळ आता आली. कडाड्कन वाजला तो. हाक पडली आणि अंगठ्याएवढंही अंतर न सोडता उत्तर आलं, ठसठशीत, धोंडीरामच्याच थापेचं. लोकांना वाटलं हे सगळं बसवलेलं आहे: ढोलकीवाला हात बांधून बसतो, बाई नाव घेते आणि ढोलकी आपली आपण वाजते. सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. शिट्ट्या झाल्या. राजश्रीला टाळ्यांत ओळ सापडली, तिनं गाणं शेवटास नेलं, आणि वाकून नमस्कार करून विंगेत गेली. धोंडीरामकडे तिनं पुन्हा बघितलं नाही.

चेतन धावत आला तो चिडायला नव्हे. कल्पना जबरदस्त होती म्हणाला, काका, आधी सांगायचं ना, दिवाळीला हेच करू. धोंडीरामनं फेटा काढून त्याच्या हातात दिला आणि ढोलकी उचलून मागच्या दारानं बाहेर पडला.

पार्किंगमध्ये ऊन उतरलं होतं तरी डांबर भाजत होतं. इब्राहीम बस काढायला गेला होता. फोन वाजला. पारूबाई होती. मागे अंगणात माणसं उठून जात असल्याचा आवाज येत होता, कुणीतरी बाई हसत होती.

“बघितलं,” पारूबाई म्हणाली. “समद्यांनी बघितलं.”

धोंडीराम सांगायला लागला. तो ट्रॅक होता, माइक लावलेला नव्हता, त्यांनी नुसते हात हलवायला सांगितले होते, ते मी हलवले नाहीत, जिरवली त्यांची. पारूबाईनं सगळं ऐकून घेतलं.

“मला त्यातलं काय कळत न्हाई,” ती म्हणाली. “बाईनं भर लोकांत तुमचं नाव घेतलं. आन् ओ त्या दुसऱ्यानं दिली. तुमी ऐकत बसला.”

तिनं फोन ठेवला. इब्राहीमनं बस आणून पुढ्यात उभी केली, दार उघडलं, आणि धोंडीराम चढेपर्यंत थांबून राहिला.